पित्ताच्या गांधी आणि रक्ताचा अहवाल

अंगावर पित्त उठणे ही तशी घरोघरची गोष्ट. खाज सुटते, लालसर गांधी उठतात, आमसुलाचे पाणी चोळले जाते, फार तर सेट्रिझिनची एखादी गोळी घेतली जाते आणि दोन-चार दिवसांत सारे विसरायलाही होते. पण सहा आठवडे उलटले तरी हे दुखणे थांबत नाही, रोज किंवा दिवसाआड गांधी उठतच राहतात, मधूनच ओठ नाहीतर पापण्या सुजतात, तेव्हा ते जुनाट पित्त ठरते. डॉक्टर त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. शंभरात साधारण एका माणसाला ते असते, पुरुषांच्या दुपटीने बायकांना, आणि बहुधा ऐन उमेदीच्या वयात. एकेक गांध चोवीस तासांच्या आत मावळते, दुखणे मात्र दोन ते पाच वर्षे सहज चालते. इतका काळ खाजवत, रात्री जागून काढलेल्या माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, की हे होते कशामुळे? आणि त्याचे उत्तर रक्तात सापडेल अशी त्याची, त्याच्या घरच्यांची आणि कधी कधी डॉक्टरांचीही समजूत असते. मग तपासण्यांची लांबलचक यादी तयार होते, पाच-सात पानांचा अहवाल हाती येतो आणि त्यातले ठळक छापलेले आकडे शोधले जातात. माझे म्हणणे असे, की या अहवालाकडे आपण चुकीचा प्रश्न घेऊन जातो. रक्तातली प्रथिने या आजाराबद्दल बरेच काही सांगतात, गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर अधिकच सांगू लागली आहेत. पण ‘कशामुळे’ या प्रश्नावर ती सहसा गप्प असतात. त्यांना विचारायचे ते ‘यापुढे कोणते औषध’ हे, आणि ज्या आकड्याने त्या उत्तरात काहीच फरक पडत नाही, तो आकडा कितीही ठळक छापलेला असला तरी रुग्णाच्या कामाचा नाही.

गांध उठते ती त्वचेतल्या मास्ट पेशींमुळे. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ऊती रंगवताना या पेशी वेगळ्या ओळखल्या. आतल्या दाट कणांवरून त्याला त्या खाऊनपिऊन गुटगुटीत झालेल्या वाटल्या. ते कण म्हणजे हिस्टामिन आणि इतर रसायनांचा साठा असतो, हे नंतर कळले. पेशी चेतवली गेली की साठा बाहेर पडतो, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव झिरपतो, त्वचा उचलली जाते आणि मज्जातंतू खाजेचा निरोप देतात. मग सरळ हिस्टामिनच का मोजू नये? कारण ते रक्तात काही मिनिटेच टिकते. रुग्ण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. मास्ट पेशींतलेच ट्रिप्टेज नावाचे प्रथिन काही तास टिकते आणि जीवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या झटक्यात ते वाढलेले सापडते, पण रोजच्या गांधींमध्ये ते बहुतेकांत नेहमीच्या मर्यादेतच असते. तेव्हा त्वचेत जे घडते आहे त्याचा थेट पुरावा रक्तात मिळत नाही. निदान होते ते रुग्णाला नीट विचारून आणि गांधी पाहून: किती वेळ टिकतात, मावळल्यावर डाग राहतो का, थंड पाण्याने, घामाने की कपड्याच्या घट्ट पट्ट्याने उठतात, वेदनाशामक गोळीनंतर वाढतात का. यातला शेवटचा प्रश्न विशेष मोलाचा, कारण अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी बऱ्याच रुग्णांचे पित्त उसळते आणि ते कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. त्वचेवर बोथट टोकाने रेघ ओढली की तिथेच वळ उठतो, अशा प्रकारच्या पित्तात तर रक्त काढायचेही सहसा कारण नसते.

तरीही रक्त काढले जाते आणि सर्वांत आधी होते ती अ‍ॅलर्जीची मोठी चाचणी. वांगे, शेंगदाणा, दूध, अंडे, गहू, धूळ, झुरळ अशा पन्नास-शंभर पदार्थांविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड रक्तात आहेत का, हे तिच्यात पाहतात. आयजीईचा शोध १९६६-६७ मधला. अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमध्ये उप्सालाला योहान्सन व बेनिख हे दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच प्रथिनाशी पोहोचले. हे प्रतिपिंड मास्ट पेशींवर चिकटून बसतात आणि नेमका पदार्थ आला की पेशी फोडतात, हे एकदा समजल्यावर अ‍ॅलर्जीची कितीतरी कोडी सुटली. पण जुनाट पित्ताचे नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीने पित्त उठते ते खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, आणि तो पदार्थ पोटात गेला की दर वेळी. महिनोन्महिने, जेवणाशी मेळ न बसता, कधी पहाटे तर कधी ऐन कामाच्या घाईत उठणाऱ्या गांधी त्या साच्यात बसत नाहीत. यावर सरळ प्रश्न येतो: मग अहवालात वांग्यापुढे अधिकचे चिन्ह का? कारण रक्तात वांग्याविरुद्ध आयजीई असणे आणि वांगे खाल्ल्यावर त्रास होणे या निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा पुष्कळ लोकांच्या रक्तातही असे प्रतिपिंड सापडतात. पन्नास गोष्टी तपासल्या तर दोन-चार निघणारच. बरे, चाचणी करून बिघडले काय, असे म्हणावे तर बिघडते. ताटातून आधी वांगे जाते, मग दूध, मग डाळ. अंगावर पाजणाऱ्या बाईचा आहार निम्म्यावर येतो आणि गांधी तशाच राहतात. योगायोगाने त्याच आठवड्यात आजार ओसरला तर श्रेय वांगे सोडण्याला मिळते आणि ते पथ्य आयुष्यभर पाळले जाते.

मास्ट पेशींना चेतवणारा बाहेरचा कोणी नसेल तर तो आतला असला पाहिजे, हा विचार १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये पुढे आला. १९८६ मध्ये क्लाइव्ह ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे स्वतःचेच रक्तद्रव त्यांच्या त्वचेत टोचून पाहिले, आणि काहींना टोचल्या जागी गांध उठली. रक्तातच काहीतरी आहे हे त्यातून स्पष्ट झाले. ते काय, हे १९९३ मध्ये मिचिहिरो हिदे आणि माल्कम ग्रीव्हज यांच्या गटाने दाखवले: मास्ट पेशीवर आयजीई ज्या खुंटीला अडकते, त्या खुंटीविरुद्धच या रुग्णांच्या शरीराने आयजीजी जातीचे प्रतिपिंड बनवले होते. आपल्याच शरीराविरुद्ध उठलेले असे प्रतिपिंड सगळ्या रुग्णांत मात्र नव्हते. पुढे दुसरी वाट सापडली. काही रुग्णांत आयजीईच स्वतःच्या शरीरातल्या प्रथिनांविरुद्ध वळलेली असते, जसे थायरॉइडमधले पेरॉक्सिडेज किंवा त्वचेत आढळणारे इंटरल्युकिन-२४. बाहेरून पाहिले तर दोन्हीकडे गांधी सारख्याच, खाज तशीच. पण पेशीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता वेगळा. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातले मार्कस मौरर (२०२४ मध्ये त्यांचे निधन झाले) आणि त्यांच्यासोबतच्या युरोपीय गटाने हा फरक औषधापर्यंत नेला. त्यांच्या १८२ रुग्णांच्या एका पाहणीत त्वचेची, पेशींची आणि प्रतिपिंडांची अशा तिन्ही चाचण्या एकदम सकारात्मक निघालेले रुग्ण अवघे आठ टक्के होते. संख्या लहान, पण त्यांच्यात एक गोष्ट ठसठशीत होती. त्यांची रक्तातली एकूण आयजीई कमी होती आणि थायरॉइडविरुद्धचे आयजीजी प्रतिपिंड, म्हणजे अँटी-टीपीओ, जास्त होते.

हे कमी असणे फार महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच आपल्या अहवालातून निसटते. प्रयोगशाळा एकूण आयजीई छापते तेव्हा शंभरच्या आसपास वरची मर्यादा देते; आकडा त्याहून चढला की ठळक होतो, पुढे बाण येतो. आकडा १५ असेल तर अहवाल काहीच बोलत नाही, रुग्ण निर्धास्त होतो, डॉक्टरही पान उलटतात. जुनाट पित्तात मात्र बहुतेक अभ्यासांनी ४० च्या आतली आयजीई ही दखल घेण्याजोगी ठरवली आहे. कारण आज गोळ्यांना दाद न देणाऱ्या पित्तासाठी जे मुख्य इंजेक्शन आहे, ते ओमालिझुमॅब, रक्तातली मोकळी आयजीई पकडून काम करते. दम्यासाठी ते अमेरिकेत २००३ पासून आहे, पित्तासाठी २०१४ पासून. ३०० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. चाचण्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांचे पित्त त्याने चांगले आटोक्यात आले. उरलेल्यांत कमी आयजीईवाल्यांचे प्रमाण जास्त असते, आणि त्यांच्यातल्या ज्यांना गुण येतो त्यांनाही तो काही दिवसांऐवजी काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येतो. उलट अशा रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे जुने, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध तुलनेने चांगले लागू पडते. त्यात मूत्रपिंड आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते, हा त्याचा काच. आणखी एक गंमत. ओमालिझुमॅब सुरू केल्यावर महिन्याने आयजीई तपासली तर ती खाली न येता वर गेलेली दिसते, अनेकदा दुपटीच्याही पुढे. औषध उलटे पडले असे वाटून घाबरण्यासारखाच तो आकडा. प्रत्यक्षात औषधाने पकडलेली आयजीई शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून तिचा साठा फुगतो. मोकळी, म्हणजे उपद्रवी, आयजीई कमीच झालेली असते. ज्यांची आयजीई अशी वाढत नाही, त्यांनाच औषधाचा गुण येण्याची शक्यता कमी. एकाच प्रथिनाचा एकच आकडा दम्यात एक सांगतो, पित्तात दुसरे आणि इंजेक्शननंतर तिसरेच.

अँटी-टीपीओचीही तीच कथा. जुनाट पित्ताच्या रुग्णांत थायरॉइडविरुद्धचे प्रतिपिंड इतरांपेक्षा अधिक सापडतात, हे १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. त्यावरून ‘पित्त थायरॉइडमुळे होते’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो आणि ग्रंथीचे काम उत्तम चालू असलेल्या बाईलाही थायरॉक्सिन सुरू होते. यामागे भक्कम पुरावा नाही. ग्रंथी मंदावली असेल तर तिच्यासाठी गोळी हवीच. पण प्रतिपिंड वाढलेले असणे म्हणजे शरीराचा कल स्वतःविरुद्ध लढण्याकडे आहे, एवढाच अर्थ. पित्ताचा वाटाड्या म्हणून त्याचा उपयोग आयजीईच्या जोडीने होतो. आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ जास्त, ही जोडी महागड्या आणि मोजक्याच ठिकाणी होणाऱ्या पेशींच्या चाचणीची जागा बऱ्याच अंशी भरून काढते. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने तज्ज्ञाकडे आलेल्या रुग्णांसाठी नेमक्या या दोन चाचण्या सुचवल्या. बाकी सर्वांसाठी फक्त रक्तपेशींची मोजणी आणि सीआरपी किंवा ईएसआर. अ‍ॅलर्जीचे पन्नास पदार्थ त्या यादीत नाहीत.

सीआरपी हे या सगळ्यातले वडीलधारे प्रथिन. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात, जिवाणूच्या आवरणातल्या एका घटकाशी चिकटणारा पदार्थ म्हणून, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी ते १९३० मध्ये नोंदवले. शरीरात कुठेही दाह असला की इंटरल्युकिन-६ च्या निरोपावरून यकृत ते बनवते. पित्ताच्या बाराशेहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात साधारण एक तृतीयांशांचे सीआरपी वाढलेले निघाले, आणि ते वाढलेले असणाऱ्यांचा आजार तीव्र होता, जगणे अधिक कठीण होते आणि साध्या अँटीहिस्टामिन गोळ्यांना ते कमी दाद देत होते. ऐकायला हे मोठे सूचक वाटते. पण ते सूचक कुणासाठी, हे विचारले पाहिजे. लठ्ठपणात सीआरपी वाढते, हिरड्या सुजल्या तरी वाढते, चार दिवसांपूर्वी सर्दी-ताप होऊन गेला तरी. ओट्यावरच्या कुकरची शिटी ऐकून आत भात शिजतो आहे की बटाटे, हे ओळखता येत नाही, तसेच हे. शिवाय ज्याचा आजार तीव्र आहे त्याला ते आकड्याविनाही ठाऊकच असते. मग मार्गदर्शिकेने ही चाचणी ठेवली कशाला? थोडे वाढलेले सीआरपी पाहून औषध बदलायला ती ठेवलेली नाही. ते खूपच वाढलेले असेल तर आपण ज्याला पित्त समजतो ते पित्तच आहे ना, अशी शंका यावी म्हणून आहे. त्या शंकेकडे मी पुढे येतोच.

आधी डी-डायमरबद्दल थोडे, कारण या प्रथिनाच्या निमित्ताने रुग्णांची सर्वांत जास्त घाबरगुंडी होते. रक्ताची गुठळी विरघळताना फायब्रिनचे जे तुकडे होतात त्यांतला हा एक. करोनाच्या काळात त्याचे नाव घराघरांत गेले. मिलानच्या रिकार्दो आसेरो, मास्सिमो कुन्यो आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात दाखवले की तीव्र पित्तात रक्त गोठवणारी साखळी त्वचेत थोडीशी सुरू झालेली असते, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिला चालना देतात, आणि त्यातून थ्रॉम्बिन तयार होऊन रक्तवाहिन्या आणखी गळक्या होतात. पित्त उसळले की डी-डायमर चढते, आटोक्यात आले की उतरते. जीवशास्त्र म्हणून हे सुंदर आहे. पण त्याचा अर्थ पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असा नाही, आणि पित्तासाठी रक्त पातळ करणारी औषधे घ्यावीत असाही नाही. तसे प्रयोग अगदी थोड्या रुग्णांवर झाले आणि ते रोजच्या उपचारात आले नाहीत. डी-डायमर जास्त असणाऱ्यांना गोळ्यांचा गुण कमी येतो, हे खरे. पण गोळ्यांचा गुण येतो की नाही हे कळायला गोळी घेऊन दोन-चार आठवडे पाहणे हा स्वस्त मार्ग हाताशी असताना, त्याचे भाकीत करणारी चाचणी कशासाठी? ही गोळीही एकावर थांबत नाही. गुण आला नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती चौपटीपर्यंत वाढवता येते, असे मार्गदर्शिका सांगते, आणि नव्या पिढीच्या अँटीहिस्टामिन औषधांची किंमत पाहता हा टप्पा वगळून इंजेक्शनकडे धावण्यात शहाणपण नाही.

आता शंकेची गोष्ट. रक्तातल्या प्रथिनांना माझा विरोध आहे असा इथवर वाचणाऱ्याचा समज झाला असेल, तर तो या ठिकाणी दूर व्हावा. पित्तासारखे दिसणारे, पण पित्त नसलेले काही आजार आहेत, आणि तिथे एकेका प्रथिनाचा आकडा जीव वाचवू शकतो. ओठ, चेहरा, हात वारंवार सुजतात, पोटात असह्य कळा येतात, पण गांध एकही उठत नाही आणि खाजही नसते, तेव्हा सी-४ या पूरक प्रथिनाची तपासणी केलीच पाहिजे. ते कमी असेल तर सी-१ रोधक या प्रथिनाचा वारशाने आलेला अभाव असू शकतो. १९६३ मध्ये डोनाल्डसन आणि एव्हन्स यांनी तो ओळखला. या सुजेत हिस्टामिनचा हात नसतो, ब्रॅडिकायनिनचा असतो, म्हणून अँटीहिस्टामिन, स्टेरॉइड आणि अ‍ॅड्रेनालिन तिला बधत नाहीत, आणि सूज घशात उतरली तर गुदमरून मृत्यू येऊ शकतो. रक्तदाबाच्या ‘-प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांनीही अशीच सूज येते, पण त्यात सी-४ सामान्य असते आणि उपाय म्हणजे ती गोळी डॉक्टरांकडून बदलून घेणे. दुसरा प्रकार: गांधी चोवीस तासांहून जास्त टिकतात, खाजेपेक्षा दुखतात आणि मावळताना काळानिळा डाग ठेवतात. तिथे रक्तवाहिन्यांचाच दाह असू शकतो. सी-३, सी-४ कमी आहेत का हे पाहणे आणि त्वचेचा तुकडा तपासणे गरजेचे ठरते. तिसरा फार दुर्मीळ, पण शिकवणारा. लिलियान श्निट्झलर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ महिलेने १९७२ मध्ये वर्णिलेल्या विकारात अंगावर पुरळ, वारंवार ताप, हाडांचे दुखणे, खूप चढलेले सीआरपी आणि रक्तात एकाच जातीचे आयजीएम प्रथिन असे सगळे एकत्र येते. वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या खाऊन काहीही न वाटलेल्या अशा रुग्णाला इंटरल्युकिन-१ रोखणाऱ्या औषधाने काही तासांत, फार तर दिवसांत उतार पडतो. या तिन्ही ठिकाणी प्रथिनाचा आकडा उपचाराची दिशा पुरती फिरवतो. पण चाचणी मागण्याआधी कुणीतरी विचारलेले असावे लागते, की गांध किती वेळ टिकते, ताप येतो का, सुजेबरोबर खाज असते का. तो प्रश्न न विचारता सगळ्यांचेच सी-४ मोजत सुटले तर पुन्हा तेच पाच-सात पानांचे बाड.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. चार-पाच जुन्या प्रथिनांवर भर का, असे संशोधक विचारतील. आता तर रक्ताच्या काही थेंबांतून हजारो प्रथिने एकदम मोजणारी यंत्रे आली आहेत. ते खरे आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँक प्रकल्पाने ५४ हजारांवर लोकांच्या रक्तातली सुमारे तीन हजार प्रथिने मोजून २०२३ मध्ये माहिती प्रसिद्ध केली, आणि तिच्या आधाराने कितीतरी आजारांची नवी सूचके सुचवली जात आहेत. पित्तही त्यातून सुटलेले नाही. या संशोधनाची मला धास्ती नाही, त्याच्या घाईघाईच्या बातम्यांची आहे. साधे गणित पाहा. तीन हजार प्रथिने रुग्णांत आणि निरोग्यांत ताडून पाहिली आणि शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने फरक दिसू शकतो ही नेहमीची सूट ठेवली, तर काहीही खरे नसताना दीडशे प्रथिने ‘वेगळी’ निघतील. संशोधक ही चाळणी बारीक करतात, तरी उरलेल्यांची खरी परीक्षा दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या रुग्णांवर व्हावी लागते, आणि पुष्कळ प्रथिने तिथे नापास होतात. त्याहून अवघड अडचण अशी, की दोन गटांच्या सरासरीत फरक असणे म्हणजे समोरच्या एका माणसाबद्दल काही कळणे नव्हे. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते, म्हणून पाच फूट सहा इंच एवढ्यावरून कुणी स्त्री की पुरुष हे सांगता येत नाही. आणि तुलना निरोग्यांशी करून काय साधणार? ज्याच्या अंगावर गांधी दिसत आहेत त्याला पित्त आहे हे सांगायला प्रथिन लागत नाही. तुलना हवी ती औषधाने बरे झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांत, औषध सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या रक्ताची. तसे अभ्यास महाग, वेळखाऊ आणि म्हणून थोडे आहेत.

रेणूंच्या पातळीवर पटलेली गोष्ट रुग्णाच्या त्वचेवर खरी ठरतेच असे नाही, याचा ताजा धडा लिगेलिझुमॅब या औषधाने दिला. आयजीईला ते ओमालिझुमॅबपेक्षा कितीतरी घट्ट पकडते, त्यामुळे अधिक प्रभावी ठरणार असे सगळे धरून चालले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधल्या टप्प्याच्या चाचणीत तसे दिसलेही. मग मोठ्या, अखेरच्या टप्प्यात ते निष्क्रिय औषधापेक्षा सरस ठरले, पण जुन्या ओमालिझुमॅबपेक्षा नाही. पित्त आपणहून चढते-उतरते, रुग्ण बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावरच चाचणीत येतो, त्यामुळे काहीही दिले तरी थोडा उतार पडतोच. म्हणूनच इथे यश मोजायला प्रथिनापेक्षा एक साधी वही अधिक भरवशाची मानली जाते: सात दिवस रोज गांधी किती आणि खाज किती, याला शून्य ते तीन असे गुण द्यायचे, बेरीज शून्य ते ४२ मध्ये येते. औषध बदलायचे की नाही हे ठरवतानाही ही बेरीज कामी येते.

आपल्याकडे हे आकडे वापरताना आणखी एक तोल सांभाळावा लागेल. चाळीसच्या आतली आयजीई कमी, ही रेघ प्रामुख्याने युरोपातल्या रुग्णांवरून ओढलेली आहे. जंतांचा प्रादुर्भाव जिथे अधिक, तिथे लोकांची आयजीई मुळातच चढी असते; ज्याचे पित्त आयजीजीच्या वाटेने येते त्याचाही आकडा जंतांमुळे शंभरावर असू शकतो आणि मग तो चुकीच्या रांगेत बसतो. ही रेघ इथल्या रुग्णांवर पारखून घेणे हे तीन हजार नवी प्रथिने शोधण्याइतके चमकदार काम नाही, पण पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाला ते जमण्यासारखे आहे. आयजीई, अँटी-टीपीओ आणि सीआरपी या तीन चाचण्या जिल्ह्याच्या ठिकाणीही होतात, आणि तिन्ही मिळून अ‍ॅलर्जीच्या मोठ्या चाचणीपेक्षा स्वस्त पडतात.

सूचकांचे मोल औषधांच्या यादीवर अवलंबून असते, आणि ती यादी आता बदलते आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने जुनाट पित्तासाठी एप्रिलमध्ये ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आणि सप्टेंबरअखेर रेमिब्रुटिनिब ही तोंडाने घ्यायची गोळी मंजूर केली. ही गोळी मास्ट पेशीच्या आत, बीटीके नावाच्या विकरावर काम करते. आयजीईची वाट असो की आयजीजीची, दोन्ही पेशीवरच्या त्याच खुंटीपाशी येतात आणि निरोप आत जातो तो याच विकरामार्फत. तेव्हा ही गोळी पहिल्याच पायरीवर, परवडणाऱ्या दरात मिळू लागली, तर वाट कोणती हे विचारण्याची गरजच कमी होईल, आणि गेली वीस वर्षे जपलेल्या या सूचकांपैकी काही अडगळीत जातील. पण तसे होईपर्यंत, जिथे विमा बहुतेकदा या उपचाराचा खर्च उचलत नाही आणि दर चार आठवड्यांचे ओमालिझुमॅबचे इंजेक्शन घरच्या पैशांतून घ्यावे लागते, तिथे आयजीई १५ आणि अँटी-टीपीओ वाढलेले, असे दोन आकडे आधीच हाती असलेला रुग्ण डॉक्टरांना विचारू शकतो, की माझ्या बाबतीत गुण यायला किती महिने लागतील, तोवरचा खर्च किती, आणि सायक्लोस्पोरिनचा विचार आधी करायचा का.